वाढत्या अंगाचं माप

लेसच्या टोकाची प्लास्टिकची नळी अजून शाबूत होती. इतका नवा बूट तिनं या खोलीत कधी पाहिला नव्हता. तपकिरी, डाव्या पायाचा, एकटाच. टाचेपासून दोन्ही बाजूंनी वर गेलेल्या चकचकीत पट्ट्या, मध्ये गुडघ्याचा सांधा, वर मांडीला आवळायचा चामडी पट्टा, आणि सगळ्याला कारखान्यातल्या तेलाचा वास... कोकिळानं ती नळी उगाच बोटांत फिरवली. मग वीत उघडून टाचेपासून सांध्यापर्यंत धरली. खरं तर धरायची गरज नव्हती. कॅलिपर मोठा आहे हे तिला खोकं उघडण्याआधीच कळलं होतं, किंवा काल साहेबांनी फोनवर 'तुमच्या नुजहतचं सामान आलं बरं का' म्हणून सांगितलं तेव्हाच. ऑक्टोबरात माप घेतलं आणि फेब्रुवारीत सामान आलं. असं कधी होत नाही. तिच्या सगळ्या नोकरीत असं झालं नव्हतं.

पंचायत समितीच्या मागच्या बाजूची ही खोली, तिला ऑफिसात 'साधन कक्ष' म्हणत आणि कुलूप उघडताना सगळे एकमेकांना तिची किल्ली शोधायला लावत. आर्णी तालुक्यातल्या सरकारी शाळांत जी मुलं नीट चालत नाहीत, ऐकत नाहीत, बघत नाहीत, त्यांच्यासाठी विशेष शिक्षिका म्हणून कोकिळा फिरायची. कुणाला चाकाची खुर्ची, कुणाला कानातलं यंत्र, कुणाला एसटीचा पास; आईबापांची समजूत घालायची, मुख्याध्यापकांची घालायची, आणि दर मार्चमध्ये स्वतःची घालायची, की या वर्षीही कंत्राट वाढवतील. इतकी वर्षं हे चाललं होतं, अंगवळणी पडलं होतं. थकवा येतो म्हणावं तर तोही आता येत नव्हता. तो मुक्कामालाच होता.

आणि सामान नेहमी उशिराच यायचं. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण ते सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. माप घ्यायचं, विसरायचं, पुढच्या वर्षी कधीतरी खोकं यायचं. तोवर मूल वाढलेलं. हिरासिंगचं तसंच झालं होतं... तांड्यावरचा तो किडकिडीत मुलगा, चालताना हातानं मांडी मागे दाबत पाऊल टाकणारा. त्याचा कॅलिपर आला तेव्हा सांधा पार पोटरीवर येत होता. त्याची आई रुपीबाई बराच वेळ त्या लोखंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, याच्या लहान भावाले होईन का? लहान भावाचे दोन्ही पाय ठणठणीत होते. ती हसली, म्हणून कोकिळाही हसली. दुसरं काय करणार. पुढे कधीतरी तांड्यावर गेली तर तो चामडी पट्टा बकरीच्या गळ्यात होता. बकरीला मात्र बरोबर बसला होता. हिरासिंग तोवर शाळेतून उठला होता.

तेव्हापासून ती शहाणी झाली. मापाच्या शिबिरात ती माप घेणाऱ्याच्या शेजारी उभी राहायची आणि हळूच सांगायची, थोडं वाढवून घ्या. किती, ते मुलाचे आईबाप बघून ठरवायची. उंच बापाच्या पोराला जास्त, ठेंगण्याच्या पोराला कमी. आणि तिचे अंदाज बरोबर यायचे. खोकं यायचं, मूल तोवर वाढून त्या मापात आलेलं असायचं, पट्टा आवळला की झालं. दुसऱ्या तालुक्यांतल्या शिक्षिका फोन करून विचारायला लागल्या, कोकिळाताई, तुम्ही किती धरता? ती सांगायची. जरा पाठही थोपटून घ्यायची स्वतःची. सरकारला हरवल्यासारखं वाटायचं, सरकारचाच पगार खाऊन.

ऑक्टोबरातल्या शिबिरात माप घेणारा कपिल नवा होता. नागपूरहून आलेला, टेप गळ्यात घातलेला, प्रत्येक मुलाला नाव विचारणारा. नुजहतचा डावा पाय त्यानं फार जपून हातात घेतला. ती दोन वर्षांची असताना तापात तो पाय लुळा पडला होता, आणि आता नऊ वर्षांची होती. कोकिळानं तिच्या बापाकडे पाहिलं — मोईन, चांगला उंच — आणि म्हणाली, चार बोटं जास्त धरा. कपिल थांबला. म्हणाला, मॅडम, माप आजचं घ्यायचं असतं. तिला त्याचं हसूच आलं होतं. ती म्हणाली, तुमचं सामान उद्या येत असतं तर मीही आजचंच सांगितलं असतं. बाकीच्या शिक्षिका हसल्या, कपिलही ओशाळून हसला आणि त्यानं चार बोटं जास्त लिहिली.

मी काय वाईट केलं? ...मी हिरासिंगचं झालं ते हिचं होऊ नये म्हणून केलं. पण हे असं मनाशी बोलताना सुद्धा तिला आपला आवाज ऑफिसातल्यासारखा वाटला.

सामान या वर्षी लवकर का आलं, तेही ऑफिसात ऐकायला मिळालं होतं. कपाशीवरच्या विषारी फवारणीनं माणसं दवाखान्यात पडली, मग बोंडअळीनं कापूस खाल्ला. पेपरात रोज यवतमाळ, रस्त्यावर रोज मोठ्या साहेबांच्या गाड्या. म्हणे वरून हुकूम सुटला, या जिल्ह्याचं काही अडवून ठेवू नका. खरं-खोटं कुणास ठाऊक. त्या हुकुमानं शेतकऱ्यांच्या पदरात काय पडलं ते शेतकरी जाणोत. कुठल्याशा कारखान्यात रांगेत पडलेला एक कॅलिपर मात्र उचलून पुढे धाडला गेला. इतक्या वर्षांत एकदाच सरकार वेळेवर आलं, आणि त्या एकदाच कोकिळानं त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

दारातून साहेबांनी डोकावून सांगितलं की आजच्या आज मुलीच्या घरी जाऊन, घालून, फोटो काढून ऑनलाइन चढवा. मुलगी उभी पाहिजे, सामान दिसलं पाहिजे, हसली तर बरं. एकदा फोटो चढला की सामान पोचलं. मग वर्षभर त्या मुलाला दुसरं मिळत नाही, हा मात्र लिहिलेला नियम होता. ती म्हणाली, माप जरा मोठं वाटतंय. साहेब म्हणाले, मग चांगलंच की, लहान नाही ना? आणि गेले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना लहान झालेल्याच वस्तूंची सवय होती.

खोकं स्कूटीच्या पायाशी उभं ठेवून ती निघाली. नागपूर-तुळजापूर रस्ता रुंद होत होता; दोन्ही बाजूंनी खणलेला, मध्ये मातीचे ढीग, आणि वाहनं कधी या अंगानं, कधी त्या अंगानं. त्या रस्त्याच्या पलीकडे पाचवीपासूनची शाळा होती. गल्लीतली उर्दू शाळा चौथीपर्यंतच. म्हणजे नुजहतची शाळा या एप्रिलमध्ये संपत होती.

सकाळी घनश्याम, तिचा नवरा, भाकरी खाताना काही बोलला नव्हता. कापसाची पऱ्हाटी उपटून टाकायची होती. बोंडं फुटायच्या आधीच आतून पोकळ, त्यामुळे वेचायला कुणाला बोलवायचा प्रश्नच नव्हता. पूर्वी तो म्हणायचा, पुढच्या साली तुरीचा पट्टा जास्त धरू, पुढच्या साली दुसरं वाण आणू. दरवर्षी ते 'पुढच्या साली' ऐकून तिचा जीव जायचा. या वर्षी त्यानं ते म्हणणंच सोडलं होतं. आज चहा गाळताना तिला वाटलं होतं की आता घर शांत झालं, बरं झालं. आता स्कूटीवर, डंपरच्या धुळीत, तिला तेच आठवून कसंतरी झालं... तो काय आणि आपण काय. त्यानं तोंडानं म्हणणं सोडलं आणि आपण चार बोटं जास्त धरायला लागलो. ती खड्डा चुकवायला गेली आणि खोकं तिच्या नडगीला लागलं.

मोईनचं गॅरेज घराच्या पुढच्याच खोलीत. कापूस गेला की आर्णीत मोटारसायकली दुरुस्त होत नाहीत, ढकलत नेल्या जातात; त्यामुळे मोईन दारातच बसला होता आणि ती दिसताच उठला. त्यानं खोकं घेतलं. आत त्याची आई खातूनबी शिलाई मशीनवर, बायको फरहा चुलीपाशी, आणि नुजहत पलंगावर भिंतीला टेकून, शाळेचा युनिफॉर्म अजून अंगावर. पोरीनं कोकिळाकडे पाहिलंच नाही. ती खोक्याकडे पाहत होती.

या घरात कोकिळा किती वेळा आली असेल. पहिलीला नाव घालायला आली तेव्हा खातूनबीनं नातीला कमरेवर घेतलं होतं आणि त्याच कमरेवर ती पोर तीन वर्षं गल्लीतल्या शाळेत गेली. मग खातूनबीची कंबर गेली. आता मोईन सकाळी गॅरेज उघडायच्या आधी तिला गाडीवरून शाळेत नेऊन बाकावर बसवायचा आणि शाळा सुटली की उचलून आणायचा. मधल्या वेळात नुजहत त्या बाकावरून उठत नसे. सकाळी पाणी पीत नसे, म्हणजे उठावं लागत नाही. हे फरहानं एकदा कोकिळाला सांगितलं होतं, अगदी हळू, भांडी घासता घासता. कोकिळानं मान हलवली होती. अशा गोष्टींना मान हलवायचीच सवय झाली होती.

पाचवीला ते जमणार नव्हतं. पोरगी मोठी होत होती, शाळा रस्त्यापलीकडे, दोन मजली. मोईननं ऑक्टोबरातच सांगून टाकलं होतं की आपल्या पायानं उठली-बसली तर पाठवतो, नाहीतर लोकांसमोर किती वर्षं उचलायची. आणि कोकिळानंच त्याला तोड सुचवली होती: कॅलिपर यायला वर्ष लागेल, तोवर पाचवी घरून करू, नाव पटावर राहील, मी आठवड्याला येऊन शिकवीन, मग सहावीला शाळेत. अशी सोय होती. त्या सोयीत आणखी किती मुलं होती तालुक्यात! नावं पटावर, मुलं खिडकीत. एक वर्ष म्हणून घरी बसलेलं मूल परत शाळेत बसलेलं तिला आठवत नव्हतं, पण मोईनला सांगताना तिनं ते आठवायचा प्रयत्नही केला नव्हता. सगळ्यांना पटेल असं काहीतरी सांगून उठायचं होतं.

आता कॅलिपर जूनच्या आधी आला होता आणि बसणार नव्हता.

तिनं खाली बसून तो पाय हातात घेतला. पाय गार होता, नेहमीसारखा. बूट चढवला, पुढे कापूस कोंबला तर चालला असता. पट्ट्या वर गेल्या, सांधा गुडघ्याच्या वर मांडीवर येऊन बसला, वरचं कडं जांघेत रुतलं. नुजहतनं दात आवळले. मग कोकिळानं आणि फरहानं दोन्ही बाजूंनी धरून तिला उभं केलं, सांध्याची कडी खट्टकन बसली, आणि पोरगी उभी राहिली. वाकडी; डावी बाजू उंच, उजव्या पायाची टाच उचललेली, एक हात पलंगाच्या दांड्याला. पण उभी. तिनं घराकडे वरून पाहिलं. खिडकीच्या फळीवर काय ठेवलंय ते तिला प्रथमच दिसलं असावं, कारण ती तिथल्या बरणीकडे बघत राहिली.

खातूनबीच्या डोळ्यांत पाणी आलं. मोईन वळून गॅरेजच्या दाराकडे बघायला लागला.

कोकिळा म्हणाली, मोठा आहे. सांधा वर येतोय. आत्ता चालता येणार नाही, पडेल.

खातूनबीला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिनं आपल्या हातातला फ्रॉकच उचलून दाखवला. ईदचा, नुजहतसाठीच शिवत होती, आणि खाली आत दुमडलेली चांगली रुंद पट्टी. वाढत्या अंगाचं असंच घेतात. पट्टी उसवत जायची, कपडा चालत राहतो. सरकारनं पहिल्यांदा काहीतरी अक्कल वापरून केलं, असं ती म्हणाली, आणि मोईनही हसला. कपाटावर ठेवून देऊ, पुढच्या साली होईल. ठरलंच तर होतं पुढच्या सालचं.

ते हसू ऐकून कोकिळाला इतकं हलकं वाटलं की तिला स्वतःचीच शरम वाटली. कुणालाच राग नव्हता. साहेबांना नव्हता, यांना नव्हता. मोबाइल काढायचा, नुजहत उभी आहेच, हसायलाही लागेल. फोटो चढवायचा, चहा प्यायचा, घरी जायचं. पुढच्या वर्षी हा कॅलिपर बसणार, त्यात शंका नव्हती. तिचा अंदाज चुकत नसे. परत पाठवला तर काय? माप चुकलं म्हणून आपल्या नावानं अर्ज, तोही मार्चच्या तोंडावर; आणि नवा कधी येईल? हुकमाचं वारं ओसरलं की पुन्हा वर्ष, सवा वर्ष, आणि या खेपेला माप नेमकं दिलं तर येईपर्यंत लहान... पुन्हा हिरासिंग, पुन्हा बकरी. सगळा शहाणपणा एकाच बाजूला होता. दुसऱ्या बाजूला फक्त जून होता.

तिनं मोबाइल काढला. पडद्यावर नुजहत दिसली, वाकडी, ओठ घट्ट मिटलेले. कोकिळानं तिला हस म्हटलं नाही. आपण हे म्हणत का नाही आहोत, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

मोबाइल खाली करून ती म्हणाली, “चाची, सरकारची अक्कल नाही ही. माप मी वाढवून सांगितलं होतं. मला वाटलं वर्षानं येईल. बरोबर माप दिलं असतं तर ही आज चालली असती... जूनमध्ये पाचवीत गेली असती.”

आता काहीतरी होईल असं तिला वाटलं. झालं नाही. खातूनबीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि तिच्याकडे पाहिलं ते मायेनंच.

“मंग त्यात का झालं, मॅडम? म्या बी तसंच केलं असतं. अन् हातात आलेली चीज आता वापस कायले नेता? गेली तं गेली. पोरगी वाढनच ना.”

वापस न्यायचं तर कोकिळा अजून बोललीही नव्हती. पण म्हातारीनं ते ओळखलं होतं. मोईननं मान डोलावली. म्हणाला की ठरल्यासारखं एक साल घरी करू, मॅडम येतातच शिकवायला, एका सालात काय बिघडतं. तो समजूतदारपणे बोलत होता. तिचेच शब्द होते ते, ऑक्टोबरातले, त्यानं जपून ठेवलेले. आता ते त्याच्या तोंडून तिला परत ऐकायला मिळाले. माफी मिळाली होती, कॅलिपर मिळाला होता, चहा उकळत होता, आणि ही पोरगी एप्रिलनंतर या पलंगावर राहणार होती.

फरहा चुलीपाशी उभी होती. या घरात ती सासू आणि नवऱ्यासमोर फारशी बोलत नसे. कोकिळानं तिचा आवाज एकटीत असतानाच ऐकला होता. तिनं चहाचं भांडं उतरवलं, चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि पदरानं हात पुसत म्हणाली, “मलेबी एकच साल घरी बस सांगतलं होतं. माह्या अम्मीची तबियत ठीक होईलोक. सातवी झालती माही.”

तिनं कप मांडायला घेतले. मोईननं बायकोकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्यालाही हे माहीत नसावं. खातूनबीनं मशीनचं चाक एकदा उगाच फिरवलं, सुई रिकामीच खाली-वर झाली.

मग कोकिळानं सगळं सांगितलं, जसं होतं तसं. ठेवला तर पुढच्या वर्षी नक्की बसेल. परत दिला तर नवं माप देता येईल, आणि तो जूनच्या आधी आला तर ही पाचवीला जाईल. नाही आला तर पाचवी घरीच आणि हातात हाही नाही. हे सांगताना तिचं लक्ष मोईनकडे होतं, कारण ठरवायचं त्यानं, असं धरूनच ती बोलत होती. मोईन नुजहतकडे पाहायला लागला. त्यामुळे सगळेच तिच्याकडे पाहायला लागले. ती अजून उभीच होती. इतका वेळ ती कधी उभी राहिली नव्हती, आणि तिचा उजवा पाय थरथरत होता.

“मॅडम, जूनच्या पह्यले येईन?”

येईल ना बेटा. येईलच. हे तिच्या जिभेवर आलेलंच होतं. किती घरांत, किती ओसऱ्यांवर, कसलाही विचार न करता ती हे म्हणाली होती. ते म्हणायला काही लागायचं नाही, कारण आतून ती तेव्हाच वर्ष धरून मोकळी झालेली असायची.

“माहीत नाही,” कोकिळा म्हणाली. “मी रोज फोन करीन. पण माहीत नाही.”

नुजहतनं हे ऐकून घेतलं. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट मोठ्या माणसानं पहिल्यांदाच काही नीट सांगितल्यासारखा तिचा चेहरा झाला. तिनं खिडकीतल्या फळीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग दांड्याला धरून, स्वतःच, कुणाला हात लावू न देता ती पलंगाच्या कडेवर टेकली. सांधा अडकून होता म्हणून पाय समोर ताठ राहिला. तिनं वाकून मांडीचा पट्टा सोडायला सुरुवात केली. पट्टा नवा होता, घट्ट होता, वेळ लागत होता. खातूनबी काहीतरी म्हणायला गेली आणि मोईननं “राहू दे, अम्मी,” म्हटलं.

माप कोकिळानं तिथंच घेतलं, खातूनबीच्याच टेपनं. टाचेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून जांघेपर्यंत, मांडीचा घेर. पायावर कड्याचा लाल वळ उठला होता. प्रत्येक आकडा तिनं मोठ्यानं वाचला आणि प्रत्येक वेळी तिचं बोट टेपवर आपोआप पुढे सरकू पाहत होतं. तिला ते दाबून धरावं लागलं. हात इतका सवयीचा झाला होता. आहे तेवढंच. ती मनात म्हणत राहिली, आहे तेवढंच, आणि तिला भीती वाटली, कारण आता चुकीला कुठे जागाच नव्हती. कारखान्यानं उशीर केला तर हा आकडा खोटा पडणार होता. पोर ईदला वाढेल, उन्हाळ्यात वाढेल, झोपेत वाढेल. या मुलीनं वाढू नये असं मला वाटतंय की काय, असं मनात आलं आणि ती एकदम उठली.

चहा घेऊन ती बाहेर आली. मोईननं खोकं स्कूटीवर ठेवून दिलं, ते पडू नये म्हणून एक जुनी ट्यूब ताणून बांधली. तो रागावलाय की काय ते कळलं नाही, आणि तिलाही विचारवलं नाही. त्यानं विश्वासानं दिलं, असंही म्हणता येत नव्हतं. त्यानं फक्त दिलं होतं.

ऑफिसात फोटो नाही म्हणून साहेब विचारतील. माप कसं चुकलं, कोणी चुकवलं, कपिलनं की तुम्ही. मी. असं लिहायचं म्हणजे मार्चमध्ये... बघू. घनश्याम विचारील, घरात एकच पगार येतोय तो कायले हलवते? तूही तर दरवर्षी सरकी लावतच होतास की, असं काहीतरी त्याला सांगता आलं असतं. पण त्यानं यंदा सोडून दिलं होतं, आणि हे त्याला ऐकवणं बरं दिसलं नसतं.

रस्त्याच्या तोंडाशी झेंडा घेतलेल्या माणसानं तिची बाजू थांबवली. समोरून ट्रक, ट्रॅक्टर, वऱ्हाडाची जीप. पलीकडे शाळेची दोन मजली इमारत दिसत होती. तिचं फाटक इथून नीट दिसत नव्हतं, मातीचा ढीग आड येत होता. हा ढीग जूनपर्यंत उचलतील का? पावसाआधी या बाजूचं काम होईल का? फाटकापाशी दोन पायऱ्या आहेत, तिथं उतार करून घ्यावा लागेल, मुख्याध्यापकांच्या मागे आत्तापासून लागलं तर... आणि मुलींचा संडास तळमजल्यावर आहे ना? बघून यायला पाहिजे. उद्याच. कपिलला फोन आज. कारखान्याचा नंबर त्याच्याकडून घ्यायचा. तो नाही म्हणाला तर साहेबांकडून. मार्च, एप्रिल, मे... ती महिने मोजत होती, आणि मोजता मोजता तिनं स्कूटीचं हँडल घट्ट धरलं. हे काय होतं? थकवा नव्हे. थकव्याची तिला ओळख होती, त्यात एक प्रकारचा आराम असतो, काही येणार नाही हे ठाऊक असल्याचा. तो आराम गेला होता. आता रात्री झोप लागणार नव्हती, फोन वाजला की दचकायला होणार होतं, आणि जून सुना जाऊ शकणार होता. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. झेंडेवाल्यानं बाजू केव्हाच सोडली होती. ती तशीच उभी होती. जूनच्या आधी येईल, असं तिला वाटायला लागलं होतं.